दारालाच जीभ

मे महिन्यातल्या एका दुपारी शिरोळहून मामाचा फोन आला. माती तपासणीचा अहवाल हातात पडला होता आणि त्यातला एकच आकडा, सामूचा, म्हणजे पीएचचा, त्याच्या डोक्यात बसला होता. “सामू आठ पूर्णांक सात लिहिलाय. म्हंजे पास का नापास, तेवढं सांग.”

नापास, म्हटलं. मग त्याचा आवाज पडला म्हणून काठावर नापास म्हटलं. साडेआठच्या वर सामू आणि मातीत सोडियमचा भरणा, म्हणजे चोपण. मामाचं रान नदीकाठचं, काळंभोर. पन्नास वर्षं ऊस एके ऊस आणि मोकाट पाणी. त्या मातीत पाणी खाली निघून जायला वाट नाही. ते साठतं, वर चढतं, उन्हानं उडून जातं आणि मीठ तेवढं मागं ठेवतं. शिरोळ तालुक्यात अशी क्षारपड रानं कितीतरी. आधी वर पांढरं फुटतं, मग सोडियम मातीच्या कणाकणाला चिकटून बसतं, माती दगडासारखी होते, पावसाचं पाणीसुद्धा आत घेत नाही.

आई शेजारी बसून कान देऊन ऐकत होती. “आंबट हाय का खारट ते विचार त्याला,” म्हणाली. मी म्हटलं, दोन्ही नाही, साबणासारखी. तिला ते पटलं नाही. तिच्या जगात वस्तू एकतर आंबत असते किंवा टिकत असते.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, आणि ‘सामू’ हा माझा आवडता शब्द आहे. वर्गात मुलं पीएच म्हणतात, पण शिरोळ-हातकणंगल्याकडचा आठवी शिकलेला शेतकरी बिनदिक्कत सामू म्हणतो. मुळात ही मोजपट्टी शेतातली नव्हे, बिअरच्या कारखान्यातली. डेन्मार्कमधल्या कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत सोरेन्सन नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं ती १९०९ साली मांडली. द्रवात सुटे हिंडणारे प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे धन भाराचे कण, किती, याचा तो आकडा. फक्त उलटा: आकडा चढला की प्रोटॉन कमी. आणि एका पायरीला दहापट फरक. म्हणजे मामाच्या रानातल्या ओलाव्यात साध्या पाण्याच्या मानानं प्रोटॉन पन्नासपट कमी, तर आईच्या दह्यात, ज्याचा सामू साडेचारच्या आसपास असतो, तीनशेपटीहून जास्त.

दरवर्षी वर्गात मी फळ्यावर एक गणित करून दाखवते. एका जिवाणूचं आकारमान धरा एक घन मायक्रोमीटर. त्याच्या आतला सामू धरा सात. तर त्याच्या पोटात सुटे प्रोटॉन किती? मुलं लाख म्हणतात, कोटी म्हणतात. उत्तर येतं साठ. प्रथिनांना चिकटलेले, इकडून तिकडे उड्या मारणारे वेगळे, ते पुष्कळ असतात. पण एका क्षणी मोकळे सापडतील असे साधारण साठ. एका एसटीत बसतील इतके. दह्याच्या तेवढ्याच थेंबात एकोणीस हजार. असा एकोणीस हजारांचा जमाव बाहेर दाटलेला असताना आत मूठभर प्रोटॉनांवर घर चालवायचं, हा जिवाणूचा रोजचा धंदा.

त्याची भिंतही फार नाही. चार-पाच नॅनोमीटर जाडीचा तेलकट पडदा. पण तेलकट आहे, म्हणूनच विद्युतभार घेतलेला कण त्यातून सहजी जात नाही. प्रोटॉन असो, सोडियम असो, पोटॅशियम असो, प्रत्येकाला दार लागतं, आणि ही दारं म्हणजे पडद्यात रुतून बसलेली प्रथिनं. पडद्याच्या आत-बाहेर साधारण दीड दशांश व्होल्टचा फरक असतो. ऐकायला काहीच नाही, टॉर्चच्या सेलच्या दहावा हिस्सा. पण तो फरक चार नॅनोमीटरवर पडतो. मीटरच्या हिशोबात मांडला तर पावणेचार कोटी व्होल्ट. कोरड्या हवेत वीज कडाडायला मीटरला तीसेक लाख पुरतात. हे पहिल्यांदा ताडून पाहिलं तेव्हा मी दह्याची वाटी खाली ठेवली होती, हे खरं सांगते.

पीटर मिचेल या इंग्रज शास्त्रज्ञानं १९६१ साली म्हटलं, की पेशीचं धन हेच आहे. आधी प्रोटॉन बाहेर ढकलायचे आणि मग त्यांना दारातून परत आत येऊ देताना त्यांच्याकडून काम करून घ्यायचं. राधानगरीच्या धरणाचं पाणी जनित्रातून सोडावं तसं. बराच काळ लोकांनी त्याला वेड्यात काढलं. तो मधल्या काळात कॉर्नवॉलमधलं एक पडकं जुनं घर दुरुस्त करून तिथेच प्रयोगशाळा थाटून बसला. १९७८ साली नोबेल मिळालं.

आता मामाच्या रानात राहणाऱ्या जिवाणूची अडचण बघा. बाहेर प्रोटॉनांचा दुष्काळ, सोडियमचा सुकाळ. सोडियम आत साचलं तर विषारी. म्हणजे सोडियम बाहेर काढायचं आणि दुष्काळातून ओढून प्रोटॉन आत आणायचे, दोन्ही एकदम. यासाठीचं जे दार सगळ्यात बारकाईनं अभ्यासलं गेलं ते मातीतल्या जिवाणूचं नाही, आपल्या आतड्यातल्या ई. कोलायचं आहे. त्याचं नाव एनएचएए. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात एताना पादान यांनी जन्म या एका प्रथिनावर काढला म्हटलं तरी चालेल. २००५ साली त्यांच्या आणि जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या लोकांनी मिळून त्याची रचना ‘नेचर’मध्ये छापली. पडद्यातून आरपार गेलेले बारा नागमोडी खांब आणि मध्ये दोन खांब असे, की जे निम्म्यात उसवून एकमेकांना छेदून गेलेत. त्या उसवलेल्या जागेपाशीच १६३ आणि १६४ क्रमांकाची दोन ॲस्पार्टिक आम्लं, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतले दोन दुवे, बसलेली. सगळा व्यवहार त्यांच्या ओट्यावर.

व्यवहार असा: दोन प्रोटॉन आत, एक सोडियम बाहेर. दोनास एक. आमच्या गुळाच्या बाजारात असा सौदा कुणी केला असता तर लोक हसले असते. पण त्यात मख्खी आहे. दोन धन भार आत आणि एकच बाहेर, म्हणजे दर फेरीला एक धन भार आत शिल्लक राहतो. पडद्याची आतली बाजू ऋण असते, तिला हा जास्तीचा धन भार हवाच असतो. ती ओढते, आणि त्या ओढीच्या जोरावर प्रोटॉन बाहेर दुर्मिळ असतानाही आत येतात. मिचेलचे ते पावणेचार कोटी व्होल्ट इथं भाडं भरतात.

आणि हे दार कधीच आरपार उघडत नाही. जुन्या वाड्याची देवडी आठवा. बाहेरचा दरवाजा उघडला की आतला बंद, पाहुणा मध्ये थांबणार, मग बाहेरचा लागणार, मग आतला उघडणार. एनएचएए तेच करतं, सामू साडेआठ असताना सेकंदाला दीडेक हजार वेळा.

पण मला खरी भुरळ पडली ती या वेगामुळं नाही. हे दार थांबतं कसं, त्यानं. सामू साडेसहाच्या खाली गेला की एनएचएए जवळजवळ गप्प होतं. साडेसहापासून साडेआठपर्यंत त्याचं काम हजारपटीनं वाढतं. कारण उघड आहे. हे दार प्रोटॉन आत आणणारं. आधीच आंबट झालेल्या पेशीत ते चालू राहिलं तर घरात पूर येईल. तेव्हा मिटायलाच हवं. पण त्याला कळतं कसं? जिवाणूला नाक नाही, जीभ नाही, आंबट लागलं असं वर कळवायला मेंदू नाही.

उत्तर मी वर्गात कोल्हापूरच्या सीबीएस स्टँडवरच्या गाडीनं सांगते. सणाच्या आदल्या दिवशी गारगोटीची एसटी फलाटाला लागायच्या आत खिडक्यांतून रुमाल, पिशव्या, एखादं लहान पोर आत जातं. जागा धरली. ॲस्पार्टिक आम्लाची ती दोन आसनं तशीच आहेत. त्यांवर सोडियमही बसू शकतं आणि प्रोटॉनही. आसपास प्रोटॉनांची गर्दी झाली, म्हणजे आंबट झालं, की सगळीकडे प्रोटॉनांचे रुमाल पडतात. सोडियमला जागाच मिळत नाही, अदलाबदल व्हायला दुसरा पक्ष उरत नाही, गाडी फलाटावरच उभी. प्रोटॉन विरळ झाले की आसनं रिकामी होतात, सोडियम बसतं, फेरी सुरू. यावर अभ्यासकांत वाद आहे. या प्रथिनात आम्लता ओळखणारा वेगळा भाग आहे, तोंडाशी, असं मानणारे आहेत आणि या रुमालांनीच सगळा उलगडा होतो असं म्हणणारेही. माझं मन दुसऱ्या बाजूला आहे. शास्त्रात मन एका बाजूला असणं बरं नाही, पण आहे. कारण तसं असेल तर या दाराला चव घ्यायला वेगळी जीभ लागत नाही. जे आसन काम करतं तेच चव घेतं. जाणणं संपून करणं सुरू होतं अशी जागाच तिथं नाही.

एमएस्सीला असताना माझ्या हातून पीएच मीटरची काचेची नळी फुटली होती. महिनाभर मी प्रयोगशाळेत मान खाली घालून वावरत होते. तिच्या टोकाचा फुगा बोट लागलं तरी फुटेल इतका पातळ असतो, आणि तो पातळ असतो कारण तोच खरा यंत्र असतो. काचेच्या त्या पापुद्र्याच्या पृष्ठभागावर प्रोटॉन आणि सोडियम जागा बदलतात आणि आत-बाहेर व्होल्टेजचा फरक पडतो, सामूच्या एका पायरीला एकोणसाठ मिलिव्होल्ट. मागचा डबा, काटा, आकडे, ते सगळं आपल्याला वाचता यावं म्हणून. तेव्हा फुटलेल्या नळीचं दुःख इतकं होतं की हे सौंदर्य लक्षात आलं नाही.

आईच्या विरजणाकडे येते, नाहीतर ती म्हणेल माझं नाव घेऊन दुसऱ्याचंच सांगत बसली. (ती खरं म्हणजे ‘बसलीस’ म्हणेल, पण स्वतःबद्दल ‘मी विरजण लावतो’ म्हणेल. कोल्हापूरच्या बायका स्वतःपुरतं पुल्लिंगी बोलतात. पुण्याच्या माझ्या जावेला अजून त्याचं हसू येतं. येऊ दे.) दूध म्हशीचं, तापवून, करंगळी बुडवून चटका बसत नाही पण ऊब कळते इतपत निवालेलं. मी एकदा थर्मामीटर बुडवून पाहिला, ४३ निघाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा ४३. तिसऱ्या दिवशी मी थर्मामीटर ठेवून दिला.

त्या चमचाभर विरजणातले जिवाणू दुधातली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात. सामू साडेसहाच्या थोडा वरून घसरत चार पूर्णांक सहापाशी आला की केसीन या दुधातल्या प्रथिनाच्या कणांवरचा भार संपतो, ते एकमेकांपासून लांब राहायचं सोडतात आणि दही लागतं. पण आम्ल जिवाणूंनीच केलेलं, आणि बुडायचेही तेच. त्यांच्या पडद्यात मिचेलचं जनित्र आहे, पण इथं ते उलटं फिरतं. धरणाचं पाणी सोडून वीज करण्याऐवजी साखरेतून मिळालेली ऊर्जा जाळून प्रोटॉन एकेक करून बाहेर उपसतं. विहिरीवरच्या मोटारीसारखं. बाहेर जितकं आंबट तितका उपसा महाग.

आणि त्यात लॅक्टिक आम्ल लबाड. प्रोटॉन अंगावर असला की त्याच्यावर भार नसतो, आणि भार नसलेल्याला दाराची गरज नाही, ते तेलकट भिंतीतून तसंच आत झिरपतं. आत सामू चढा, तिथं गेल्यावर प्रोटॉन टाकून देतं. म्हणजे दारावर कितीही पहारा ठेवा, चोर भिंतीतूनच येतो, आणि बाहेर जितकं आंबट तितके असे प्रोटॉन पाठीवर घेतलेले चोर जास्त. एका टप्प्यावर सगळी कमाई उपशात जाते, वाढायला काही उरत नाही, जिवाणू थांबतात. दह्याचा आंबटपणा जिथं थांबतो ती रेघ आईनं आखलेली नसते. पण ती कुठं असते हे तिला ठाऊक असतं, आणि दही त्याच्या जरा आधी फ्रिजमध्ये जातं.

बाबांच्या पोटात याची दुसरी तऱ्हा होती. वर्षानुवर्षं ‘पित्त’. गल्लीत, नात्यात, एका डॉक्टरांच्या खोलीतही दोष एकाच गोष्टीला, तांबड्या रश्श्याला. बाबांनी रस्सा सोडला, पांढराही सोडला, माणूस खंगला. मग दुसऱ्या कुणीतरी दुर्बीण घालून पोटाचा तुकडा तपासला आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी निघाला. हा जिवाणू जठरातल्या आम्लात राहतो. ऑस्ट्रेलियातल्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ च्या सुमारास तो शोधला. लोक ऐकेनात म्हणून मार्शलनं १९८४ मध्ये त्याचं द्रावण स्वतःच पिऊन पोट बिघडवून घेतलं. २००५ साली दोघांना नोबेल. या जिवाणूच्या आतल्या पडद्यात युरे-आय नावाचं दार आहे, सहा प्रथिनांचं कडं. बाहेर आंबट झालं की ते उघडतं, जठरातला युरिया आत शिरतो, आत त्याचा अमोनिया होतो आणि आम्ल मारलं जातं. बाहेर आंबट नसलं की मिटतं, नाहीतर अमोनियानं तो स्वतःच मरेल. एनएचएए आंबटात मिटतं, हे आंबटात उघडतं. दोघांनाही कुणी सांगायला येत नाही. बाबांना गोळ्यांचा कोर्स झाला आणि पहिल्या रविवारी त्यांनी रश्श्याची वाटी समोर घेऊन ‘निर्दोष’ एवढंच म्हटलं.

विरजणाची बरणी घेऊन मी शिरोळला गेले ती जूनच्या पहिल्या आठवड्यात. मामीचं विरजण बिघडलं होतं, धागे सुटत होते, आणि आईच्या हातचंच पाहिजे होतं. जयसिंगपूरमार्गे एसटी, खिडकीशी ऊन, मांडीवर स्टीलचा डबा. आदल्या रात्री वळवाचा एक शिडकावा झाला होता आणि रानाला तो वास होता. त्या वासाचे कर्ते स्ट्रेप्टोमायसिस, मातीतले जिवाणू. त्यांच्याच एका जातीतलं केसीएसए हे पोटॅशियमचं दार रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये उलगडलं आणि २००३ चं नोबेल मिळवलं. तेही आतली बाजू आंबट झाली की उघडतं. सोडियम आकारानं लहान असूनही त्यातून जात नाही, कारण दारातले ऑक्सिजनचे अणू पोटॅशियमच्या मापाचे बसवलेत. सोडियमला ते हातभर लांब पडतात, अंगावरचं पाणी काढून ठेवण्याइतका आधार मिळत नाही. मामाला हे सांगितलं. तो म्हणाला, “मग माझ्या रानाला असलं दार बशीव की.”

बसवता येत नाही. जिप्सम टाकायचं. त्यातलं कॅल्शियम मातीच्या कणावर बसलेल्या सोडियमला उठवतं आणि त्याची जागा घेतं. इथंही अदलाबदलच. पण उठवलेल्या सोडियमला जायला वाट पाहिजे, म्हणून आधी खाली सच्छिद्र पाईप घालून पाण्याचा निचरा. मामानं खर्चाचा आकडा ऐकला आणि बराच वेळ बांधाकडे बघत राहिला. मग वाकून एक ढेकूळ उचललं, फुटेना, टोक मोडून जिभेवर ठेवलं, थुंकला. “तुझा कागद खरा हाय,” म्हणाला.

घरी आलो तर मामीनं डबा उघडला होता. तीन तासांच्या उन्हात विरजण चांगलंच पुढं गेलं होतं, वर हिरवट पाणी सुटलेलं. तिनं बोट बुडवून चाटलं, डोळे बारीक केले. दुसऱ्या हातानं पातेल्यातल्या दुधावरची साय बाजूला केली, चमचा घेतला, भरला, आणि त्यातलं निम्मं परत डब्यात सांडलं.

“लई आंबलंय,” म्हणाली. “थोडंच टाकतो.”